वचन कोणी मोडलं?

कॉलेजच्या जिन्यात, बँकेच्या कॅलेंडरवर किंवा एखाद्या मंत्र्याच्या कोटावरच्या बिल्ल्यात ते सतरा रंग तुम्ही पाहिले असतील. 'शाश्वत विकास उद्दिष्टं' असं त्यांचं नाव. 25 सप्टेंबर 2015 रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या 193 सदस्य देशांनी ती एकमताने स्वीकारली. 17 उद्दिष्टं, त्यांच्या पोटात 169 लक्ष्यं, आणि बहुतेकांची मुदत 2030. गरिबी संपेल, भूक संपेल, प्रत्येकाला प्यायला सुरक्षित पाणी मिळेल आणि या प्रवासात कोणालाही मागे सोडलं जाणार नाही, असं त्यात म्हटलं आहे.

2024 साली, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ उलटल्यावर, संयुक्त राष्ट्रांच्याच अहवालाने सांगितलं की ज्या लक्ष्यांची प्रगती मोजता आली, त्यांतली जेमतेम 17 टक्के वेळेवर पूर्ण होण्याच्या वाटेवर आहेत.

आता एक साधी गोष्ट बघा. मित्राने उसने पैसे पाडव्याला परत करतो म्हणून सांगितलं आणि पाडवा उलटून गेला, तर वचन कोणी मोडलं हे तुम्हाला माहीत असतं. त्याला फोन करता येतो, त्याच्याशी भांडता येतं, नाहीतर मोठ्या मनाने सोडून देता येतं. 2030 उलटून गेल्यावर कोणाला फोन करायचा? 193 जणांनी मिळून दिलेलं वचन मोडलं, तर प्रत्येक जण बाकीच्या 192 जणांकडे बोट दाखवू शकतो. ही उद्दिष्टं कायद्याने बंधनकारक नाहीत. देश आपापल्या मर्जीने अहवाल मांडतात. म्हणजे प्रगतीपुस्तक आपणच भरायचं आणि पालकाच्या रकान्यात सहीही आपणच करायची.

जागतिक उद्दिष्टं का फसतात याची चर्चा निघाली की निधी, तंत्रज्ञान, राजकीय इच्छाशक्ती हे शब्द लगेच येतात. ती कारणं खरी आहेत. पण त्यांच्याआधी एक नैतिक प्रश्न उभा आहे. मोडल्याचा ठपका कोणावरच ठेवता येत नाही, अशा वचनाला वचन म्हणायचं का? आणि म्हणायचं नसेल, तर त्यातली काही उद्दिष्टं तरीही यशस्वी कशी झाली? सतरांचा पसारा मोठा आहे, म्हणून एकच धागा धरू या. पाण्याचा.

एका जंताची गोष्ट

घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांना 'नारू' म्हणजे काय ते विचारा. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात वाढलेल्या त्या पिढीतल्या अनेकांना हा शब्द माहीत असतो. दूषित पाणी प्यायल्यानंतर साधारण वर्षभराने पायावर फोड येतो, तो फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा जंत हळूहळू बाहेर येतो. लांबी जवळपास मीटरभर. ओढला तर आत तुटतो आणि जखम चिघळते, म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. यात आठवडे जातात. तोवर माणूस अंथरुणाला खिळलेला, आणि हंगाम नेमका पेरणीचा किंवा कापणीचा.

आग शमवायला रोगी पाय पाण्यात बुडवतो, तेव्हा जंत त्या पाण्यात हजारो अळ्या सोडतो. डोळ्यांना सहज न दिसणारे पाणकीटक त्या अळ्या खातात. ते पाणी दुसरं कोणी पितं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय टाकता येणाऱ्या बारवा आणि बावड्या हे या चक्राचं घर होतं.

1981 ते 1990 हे दशक संयुक्त राष्ट्रांनी 'पेयजल आणि स्वच्छता दशक' म्हणून जाहीर केलं. 1990 पर्यंत सगळ्यांना शुद्ध पाणी, हे ध्येय. ते पूर्ण झालं नाही. 1990 साली जगातल्या अब्जाहून जास्त लोकांकडे सुरक्षित पाणी नव्हतं. पण त्याच दशकाच्या पोटात एक लहानसं उपलक्ष्य होतं, नारूचं निर्मूलन. त्याचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

भारताने 1983-84 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 1984 साली सात राज्यांतल्या 12 हजारांहून जास्त गावांत मिळून सुमारे 40 हजार रुग्ण सापडले. महाराष्ट्र त्या सातांपैकी एक. या रोगावर लस नव्हती, आजही नाही. जंत मारणारं औषधही नव्हतं. उपाय होते ते असे: घरोघरी जाऊन रुग्ण शोधायचे, जखमेला पट्टी बांधायची, रुग्णाला पाण्यात उतरू द्यायचं नाही, पाणी दुहेरी फडक्यातून गाळायला शिकवायचं, बारवेच्या पायऱ्या बंद करून कठड्याची विहीर करायची, जमेल तिथे हातपंप बसवायचा आणि पाण्यात ठराविक मात्रेत औषध टाकून कीटक मारायचे. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं.

जगभरात 1986 साली वर्षाला अंदाजे 35 लाख लोकांना नारू होत होता. 2023 मध्ये जगात मिळून 14 माणसं सापडली. चौदा लाख किंवा चौदा हजार नव्हेत, फक्त चौदा.

गंमत म्हणजे कागदावर हेही उद्दिष्ट 'फसलेलं'च आहे. 1995 पर्यंत जगातून नारू हटवायचा असं ठरलं होतं. ती तारीख हुकली. पुढच्याही तारखा हुकल्या, आणि आता 2030 ची तारीख आहे. मध्येच आफ्रिकेत कुत्र्यांनाही या जंताची लागण होते हे लक्षात आलं आणि काम आणखी अवघड झालं. तरीही कोणी शहाणा माणूस या मोहिमेला अपयशी म्हणणार नाही. म्हणजे तारीख हुकणं आणि वचन मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग इथे वेगळं काय होतं? निर्मूलन या शब्दातच एक सक्ती आहे. 99 टक्के झालं म्हणून थांबता येत नाही, कारण उरलेल्या एका माणसाने विहिरीत पाय घातला की सगळं पहिल्यापासून. त्यामुळे सगळ्यात दूरच्या वस्तीवरचा, सगळ्यात गरीब, कोणी विचारत नसलेला माणूस या हिशेबात सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. बाकीच्या उद्दिष्टांत तो शेवटी येतो. इथे आरोग्य सेवकाला त्याच्यापर्यंत चालत जावंच लागतं. 'कोणालाही मागे सोडणार नाही' हे वाक्य इथे भाषणात म्हणायची गरजच पडत नाही.

नळी मोजली, पाणी नाही

आता याच्या उलट गोष्ट, तीही पाण्याचीच.

2000 साली ठरलेल्या 'सहस्रक विकास उद्दिष्टां'मध्ये एक लक्ष्य होतं: सुरक्षित पाणी न मिळणाऱ्या लोकांचं प्रमाण 2015 पर्यंत निम्मं करायचं. मार्च 2012 मध्ये घोषणा झाली की हे लक्ष्य 2010 मध्येच, मुदतीच्या पाच वर्षं आधी, गाठलं गेलं. आता 78 कोटी लोक उरलेत, असं सांगितलं गेलं. बातम्या झाल्या, अभिनंदनं झाली.

2017 मध्ये नव्या उद्दिष्टांच्या निकषांवर मोजणी झाली, तेव्हा सुरक्षित व्यवस्थेतलं पाणी न मिळणाऱ्यांचा आकडा निघाला सुमारे 210 कोटी.

मधल्या काळात जगातल्या विहिरी आटल्या नव्हत्या, व्याख्या बदलली होती. आधी लक्ष्यात शब्द होता 'सुरक्षित', पण मोजला जात होता 'सुधारित स्रोत', म्हणजे नळ, हातपंप, कूपनलिका, झाकलेली विहीर. त्यातून येणारं पाणी शुद्ध आहे का, घरापासून किती लांब आहे, हवं तेव्हा येतं का, हे त्या आकड्यात नव्हतं. नव्या व्याख्येने हे तिन्ही प्रश्न विचारले आणि ज्यांचं काम 'झालं' होतं असे कोट्यवधी लोक पुन्हा रांगेत उभे दिसले.

हा फरक किती जिवावरचा असू शकतो ते बांगलादेशाने पाहिलं. तळ्याचं, डबक्याचं पाणी पिऊन मुलं हगवणीने मरत होती, म्हणून 1970 च्या दशकापासून तिथे मोठ्या प्रमाणावर कूपनलिका बसवल्या गेल्या. हेतू चांगला होता आणि जंतूंपासून बचावही झाला. पण जमिनीखालच्या त्या पाण्यात अनेक ठिकाणी नैसर्गिक आर्सेनिक होतं. 1993 मध्ये ते उघड झालं. त्यानंतरच्या अंदाजानुसार साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना त्याचा धोका होता. पुढे लाखो नलिका तपासून विषारी पाण्याच्या नलिकेचं तोंड लाल आणि बऱ्या पाण्याच्या नलिकेचं हिरवं रंगवण्यात आलं. तोवर यातली प्रत्येक नलिका 'सुधारित स्रोत' म्हणून मोजता येत होती.

नारूच्या मोहिमेत माणूस मोजला जात होता, इथे वस्तू मोजली गेली. माणूस मोजायला त्याच्या दारात जावं लागतं. वस्तू मोजायला बिलं पुरतात.

आपल्याकडचं ताजं उदाहरणही याच जातीचं आहे. 15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन मिशन जाहीर झालं. 2024 पर्यंत प्रत्येक ग्रामीण घराला नळ, ही मुदत आता 2028 पर्यंत वाढवली आहे. नळजोडण्या खरोखर वेगाने वाढल्या, हे मान्य करायला हवं. आणि या योजनेची मूळ व्याख्या चांगलीच आहे: माणशी दिवसाला 55 लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचं, नियमित पाणी. पण डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात दिसतो तो जोडण्यांचा आकडा. ज्या बाईच्या अंगणात नळ आहे आणि मे महिन्यात ती टँकरची वाट बघते, ती त्या आकड्यात 'मिळालं' या बाजूला आहे.

कोणाचं कर्तव्य?

तत्त्वज्ञानात या गोंधळाला जुनं नाव आहे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट कर्तव्यांचे दोन प्रकार सांगतो. पूर्ण कर्तव्य म्हणजे ज्यात सूट नाही: खोटं वचन देऊ नये. अपूर्ण कर्तव्य म्हणजे जे करायलाच हवं, पण कोणासाठी, किती, कधी हे करणाऱ्यावर सोडलेलं असतं: गरजूला मदत करावी. आज या भिकाऱ्याला पैसे दिले नाहीत, म्हणून तो तुमच्यावर दावा लावू शकत नाही.

ओनोरा ओनील या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी हाच मुद्दा मानवी हक्कांना लावला. अन्नाचा हक्क, पाण्याचा हक्क असं आपण म्हणतो. पण ते पुरवण्याचं कर्तव्य नेमकं कोणाचं हे ठरलेलं नसेल, तर तो हक्क पोकळ आहे, असं त्या म्हणतात. अमर्त्य सेन यांचं उत्तर वेगळं आहे. कर्तव्य कोणाचं हे काटेकोर ठरलेलं नाही, म्हणून ते कर्तव्यच नाही असं होत नाही. ज्याला मदत करणं शक्य आहे, त्याने आपण काय करू शकतो याचा विचार करणं भागच आहे. हक्काची भाषा आधी येते, यंत्रणा मागून उभी राहू शकते.

दोघांपैकी कोणाचं खरं? अनुभव आधी ओनील यांच्या बाजूने झुकतो. 1970 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठरलं की श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के रक्कम गरीब देशांना मदत म्हणून द्यावी. अर्ध्या शतकाहून जास्त काळ लोटला. हे प्रमाण गाठणारे देश बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि न गाठणाऱ्यांना काहीही झालेलं नाही.

त्याच्यासमोर 1987 चा मॉन्ट्रियल करार ठेवा. ओझोनचा थर विरळ करणारी रसायनं बंद करायची होती. कोणती रसायनं, कोणी, कोणत्या वर्षापर्यंत, सगळं लिहिलेलं. गरीब देशांना जास्त मुदत. करारात नसलेल्या देशांशी त्या मालाच्या व्यापारावर निर्बंध. भारत आणि चीन यांनी सांगितलं की पर्यायी तंत्रज्ञानासाठी पैशाची सोय झाल्याशिवाय आम्ही येणार नाही. 1990 मध्ये लंडनला स्वतंत्र निधीची तरतूद झाली आणि मग ते आले. आज त्या रसायनांपैकी जवळपास 99 टक्के वापरातून गेली आहेत. इथे प्रत्येक ओळीपुढे कोणाचं तरी नाव होतं. तिथली गरज पाण्याच्या प्रश्नापेक्षा सोपी होती हेही खरं: बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, पर्याय हाताशी. पण सोप्या गोष्टीही नाव लिहिल्याशिवाय होत नाहीत.

मग सेन चुकले का? याचं उत्तर शोधायला मॉन्ट्रियलहून आपल्या महाडला यावं लागतं.

ठराव आणि ओंजळ

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा सरकारी संस्था चालवतात ती तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुल्या असतील. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तसाच ठराव करून चवदार तळं खुलं केलं. म्हणजे उद्दिष्ट ठरलं, सह्या झाल्या. आजच्या भाषेत 'सर्वांना पाणी' या रकान्यात महाडपुढे बरोबरची खूण करता आली असती.

तीन वर्षं कोणी तिथे पाणी भरू शकलं नाही.

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेले हजारो लोक तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. त्याची किंमत लगेच मोजावी लागली. सवर्णांच्या जमावाने त्या लोकांना मारहाण केली, तळं 'शुद्ध' करण्याचे विधी झाले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षं.

या घटनेत ओनील आणि सेन दोघांचंही म्हणणं दिसतं. ठराव एकटा पोकळ होता. तळ्याचं दार उघडं ठेवणं हे कोणाचं काम, अडवणाऱ्याचं काय करायचं, हे त्यात नव्हतं. पण तो निरुपयोगी नव्हता. त्या लोकांनी तळ्याकडे पाऊल टाकलं तेव्हा ते भीक मागायला जात नव्हते. तुम्हीच दिलेलं वचन आम्ही वापरतोय, असं ते म्हणू शकत होते. वचन देणाऱ्यांनी ते कागदावर ठेवलं होतं. ज्यांना ते दिलं गेलं, त्यांनी ते हातात घेतलं.

शाश्वत विकास उद्दिष्टांबद्दल मला वाटतं ते इथून निघतं. अशी उद्दिष्टं यशस्वी होतात तेव्हा तीन गोष्टी जुळलेल्या असतात. जो उरला आहे तो माणूस आकड्यात दिसतो, जसा नारूच्या मोहिमेत दिसला. काम कोणाचं हे लिहिलेलं असतं, जसं मॉन्ट्रियलमध्ये लिहिलं होतं. आणि ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला 'माझं काय?' असं उभं राहून विचारता येतं, जसं महाडला विचारलं गेलं. पहिल्या दोन गोष्टी तज्ज्ञ आणि सरकारं करू शकतात. तिसरी त्यांना करता येत नाही, आणि बहुतेक वेळा तीच त्यांना नकोशी असते. सतरा रंगांच्या त्या चौकटीत तिच्यासाठी सगळ्यात कमी जागा आहे. देश एकमेकांना अहवाल देतात. शहापूर किंवा मेळघाटातल्या वस्तीला त्यातलं काही विचारायची सोय नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सगळंच असं मोजून, नावं लावून होत नाही. भूक, समता, हवामान हे नारूसारखे एका जंताचे प्रश्न नाहीत. फक्त पत्ता लिहिता येईल तेवढीच उद्दिष्टं ठेवली, तर आपण सोपं तेच निवडू. मान्य. नारू गेला, पण ज्या गावांतून गेला तिथल्या सगळ्यांना पुरेसं पाणी अजून मिळालेलं नाही. मोठं उद्दिष्ट हवंच, कारण त्याच्याशिवाय लहान यशांना दिशा नसते. पण मोठ्या उद्दिष्टाची किंमत एकाच कसोटीवर ठरते: ते हातात धरून सगळ्यात मागचा माणूस कोणाला तरी जाब विचारू शकतो का?

2030 नंतर नवी उद्दिष्टं ठरतील. नवे रंग, नवं बोधचिन्ह, नवी तारीख, बहुधा 2045 किंवा 2050. आज हे फोनवर वाचणारे तेव्हा चाळिशीत, पन्नाशीत असतील आणि ती वचनं त्यांच्याच नावाने दिली जातील. पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत पाणी योजनेचा आकडा वाचून दाखवला जाईल तेव्हा टक्केवारी ऐकून घ्यावी, आणि मग विचारावं की उरलेली घरं कोणती, आणि त्यांची यादी कोणाकडे आहे.